खालून आलेला एक झटका

मशीन का बंद पडलं हे कळलंच नाही, असं कधी होत नसतं. पेट्रोल येत नसेल, हवा येत नसेल, नाही तर ठिणगी पडत नसेल. चौथं कारण नाही. कोराडी रोडवर माझं झाडं कापायच्या मशीनींचं छोटं दुकान आहे — विक्री कमी, दुरुस्ती जास्त. 'मशीनला नजर लागली' म्हणत आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी कार्बोरेटरमधला कचरा काढून हातावर ठेवलाय. या सदरातले भुताखेतांचे अनुभवही मी जेवताना वाचतो, एकटाच हसतो, आणि ताट उचलतो. त्यामुळे आज मीच इथे लिहायला बसलोय याची मला थोडी लाजच वाटतेय. पण दुसरीकडे कुठे सांगू? बायको नातवाला सांभाळायला हैदराबादला गेली ती तिकडेच रमली. तिला फोनवर सांगितलं असतं तर तिने पहिली गोष्ट विचारली असती — तू एकटा झाडावर चढलासच का?

तेच सांगायचंय.

दुकानाबरोबर मी झाडं छाटायची कामंही घ्यायचो. घरावर आलेल्या फांद्या, वायरीला लागलेले शेंडे, असली. ही कामं एकट्याची नसतातच. एक वर, एक खाली. वर मी, आणि खाली नत्थू. पारशिवनीकडचा, माझ्याहून चार वर्षांनी मोठा, बावीस वर्षं माझा जोडीदार. शाळा सातवीपर्यंत, पण झाडाकडे बघून कोणती फांदी कुठे पडेल ते बोटानं दाखवायचा, आणि फांदी तिथेच पडायची.

आमच्या कामात बोलून उपयोग नसतो. वर मशीन चालू, कानावर आवाज अडवणारे मफ. म्हणून आमची एक हातदोरी होती — बारीक, निळी नायलॉनची, एक टोक माझ्या पट्ट्याला, दुसरं नत्थूच्या हातात. पाण्याची बाटली, कानस, जे काय लागेल ते तिच्यानंच वर यायचं. आणि निरोपही. खालून एक झटका म्हणजे थांब. दोन म्हणजे चालू दे. तीन म्हणजे खाली ये, चहा आला. एक झटका आला की मी मशीन बंद करून वरून एकदा ओढायचं — म्हणजे कळलं. मग दोन झटके येईपर्यंत मशीनला हात लावायचा नाही, कितीही वेळ लागो. हा नियम नत्थूचा. एकदा खालून एक म्हातारे गृहस्थ सायकल घेऊन रमतगमत चालले होते, तर त्याने मला वीस मिनिटं वर टांगून ठेवलं होतं. गृहस्थांना तो घाईही करीना. उलट त्यांच्याशी गप्पा मारत बसला.

भांडण झालं ते नव्या मशीनवरून.

आमचं जुनं पेट्रोलचं मशीन जड. मला आता खांद्याला त्रास व्हायचा. म्हणून मी बॅटरीवर चालणारं, वरून हँडल असलेलं छोटं मशीन आणलं. चालू करायला दोरी ओढायची कटकट नाही, धूर नाही, वजन निम्मं. मी मोठ्या हौसेनं टेबलावर ठेवलं. नत्थूने उचललं, एकट्या उजव्या हातात धरून पाहिलं, आणि खाली ठेवलं.

"हे एका हातानं चालते गा," तो म्हणाला. "हाच याचा रोग आहे."

"हलकं आहे म्हणून चालते. चांगलंच आहे ना मग?"

"मशीन फांदी पाहून नाही घेत. जेवण झाल्यावर, हात थकल्यावर आपण त्याच्यासंगं काय मस्ती करू, ते पाहून घ्या लागते. हे हातात आलं की तू दुसऱ्या हातानं फांदी धरशीन. मंग मशीन कोणाच्या हातात राहीन?"

खरं तर हे मीच गिऱ्हाइकांना सांगायला हवं होतं. पण त्याने सांगितलं म्हणून मला झोंबलं. मी म्हणालो, "तू आराम कर ना गा आता. या मशीनले एकटा माणूस पुरते."

मी हे चिडून म्हणालो, पण मनापासून नाही, एवढं लिहू द्या. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग हातदोरीचं भेंडोळं खुंटीला नीट अडकवलं.

"बरं. मंग मी काय करू खाली? उभं राहून मुंगळे मोजू?"

आणि गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी फोन केला नाही. त्याने करावा, असं मला वाटत होतं. रुसलाय, येईल. बावीस वर्षांत चार वेळा रुसला होता आणि दर वेळी समोसे घेऊन आला होता. अकरा दिवस असे गेले. बाराव्या दिवशी सकाळी त्याच्या मुलाचा फोन आला. झोपेतच गेले, म्हणाला.

घाटावर मी मागे उभा राहिलो. पुढे जाण्याचं तोंड नव्हतं.

त्यानंतर दोन महिन्यांनी कोराडीच्या एका कॉलनीत काम निघालं. एका रिकाम्या क्वार्टरच्या मागे जुना शिरस, त्याची फांदी शेजारच्या काकूंच्या पत्र्यावर टेकलेली. फार मोठं काम नव्हतं. माणूस शोधायला हवा होता, पण दुसऱ्या कोणाच्या हातात ती निळी दोरी द्यायची माझी तयारी नव्हती. आणि शिवाय... खोटं कशाला बोलू, एकटा माणूस पुरतो हे मला सिद्धही करायचं होतं. कोणाला, ते विचारू नका.

सकाळचे साडेदहा. एप्रिल. वारा अजिबात नाही. रिकाम्या क्वार्टरचं फाटक मी आतून लावलं. तिकडे झाडांवर वीज केंद्राच्या राखेचा पातळ थर असतो, त्यामुळे चेन लवकर बोथट होते, म्हणून निघायच्या आधी दातांना कानस मारून घेतली होती. चेनचा ताण पाहिला, तेल भरलं, बॅटरी फुल. मशीनमध्ये काडीचाही दोष नव्हता. सवयीनं हातदोरी पट्ट्याला बांधली. खालचं टोक एका बादलीत गुंडाळून ठेवलं, बादलीत पाण्याची बाटली. कापताना दोन दोर लावायचे असतात, एक कमरेचा आणि एक वरून. वरचा दोर गाडीतच राहिला. तो खालून द्यायला कोणी नव्हतं.

पंचवीस फुटांवर मी कमरदोर जाड फांदीभोवती टाकून मागे रेललो. खाली फरशी. डाव्या हातानं फांदी धरली, उजव्या हातात मशीन. हो, एकाच हातात. कानावर मफ. दोन डहाळ्या पडल्या, तिसऱ्या फांदीत मशीन अर्धं शिरलं.

आणि पट्ट्याला झटका बसला. एक.

मी विचार केलाच नाही. बावीस वर्षांची सवय... बोट सुटलं, मशीन बंद. दुसरा हात आपोआप दोरीवर गेला आणि मी एकदा वर ओढली. कळलं.

दोरी आली नाही. खाली वजन होतं. हे ज्यांनी दोरीवर काम केलंय त्यांनाच कळेल — फांदीत अडकलेली दोरी ताठ लागते, बादलीचं वजन लोंबतं, आणि माणसाने धरलेली दोरी आधी थोडी सैल येते आणि मग तो धरून ठेवतो. ही तशी होती. दोन-तीन सेकंद. मग सुटली.

मी खाली पाहिलं. कोणीही नव्हतं.

मग मशीन फांदीतून बाहेर काढायला गेलो आणि थांबलो. पात्याचं टोक फांदीच्या पलीकडे निघालं होतं. मला दिसत नव्हतं त्या बाजूला ते माझ्या कमरदोराला टेकलं होतं. दोराचं वरचं आवरण कापलेलं, आतल्या तीन पेडांतला एक तुटलेला. अजून एका श्वासाइतकं मशीन चाललं असतं, तर मी फरशीवर असतो.

मी फांदीला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि मोठ्यांदा रडलो. आई गेली तेव्हाही असा रडलो नव्हतो.

काकूंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "काहून थांबले गा भाऊ? लागलं काय?"

"काकू, दोरी कोणी ओढली?"

"कोणी नाही बाप्पा. मी मेथी निवडून राहिली होती, नजर तुमच्याकडंच होती. फाटक बी बंद आहे."

मी उतरलो नाही. तुम्हाला वेडेपणा वाटेल, पण मी दोन झटक्यांची वाट पाहत बसलो. नियम आहे. तुटका दोर नव्या गाठीनं बांधून घेतला, दोरीवर हात ठेवला आणि बसलो. पाऊण तास. काकूंनी दोनदा हाका मारल्या. मनात मी त्याच्याशी बोललो, जे अकरा दिवसांत फोनवर बोलायचं होतं ते सगळं. दोरी ढिलीच राहिली.

शेवटी उतरलो. बादली जागेवर होती, बाटली आत होती. दोरीचं टोक मात्र बादलीत नव्हतं. झाडापासून पंधरा-सोळा हात लांब, भिंतीच्या कोपऱ्याशी सरळ पसरलेलं होतं. तिथे फांदी पडूच शकत नाही. नत्थू अशीच जागा धरून उभा राहायचा. खाली फरशीवर साचलेल्या राखेत माझ्याशिवाय कोणाच्या पावलांची खूण नव्हती.

मी कारण शोधलं, हे सांगायला हवं. दुसऱ्या दिवशी तिथे जाऊन तीच दोरी बांधून पडणाऱ्या डहाळ्यांनी झटका बसतो का पाहिलं. बसतो, पण तिरका, आणि मग दोरी गुंतून राहते. खार, कुत्रं, मांजर, सगळ्यांचा विचार केला. झटक्याचं एक वेळ काहीतरी जमेल. पण त्या धरून ठेवण्याचं काय? सगळे स्क्रू खोलून झाले, कचरा कुठेच सापडला नाही.

उरलेली फांदी दुसऱ्या माणसांनी उतरवली. ते तिघे होते, ते बघून बरं वाटलं.

ते बॅटरीचं मशीन अजून दुकानात आहे. दर रविवारी पातं काढून साफ करतो, चेनला तेल देतो, बॅटरी अर्धी भरून ठेवतो. दोन गिऱ्हाइकांनी मागितलं, दिलं नाही. झाडावर का चढत नाही विचारलं की खांदा दुखतो म्हणून सांगतो.

निळी दोरी त्याच खुंटीला आहे. दुकान बंद करताना मी तिचं टोक हातात घेऊन जरा वेळ उभा राहतो. त्याने थांब म्हटलंय. चालू दे असं अजून म्हटलेलं नाही.