चाळणीबाई आणि ताईचा व्हिडिओ

"मऊ आवाजात सांगितलं म्हणून नळी पोटात जात नाही गं बाई. नाकात घातली की वाट सापडेल तिकडं जाते ती."

"पण मावशी, किती लोकांनी पाहिलाय तो व्हिडिओ! खाली लिहिलंय बघ, 'मॅडम, तुमच्यामुळे पास झालो.'"

"झाले असतील. पेशंट पास झाला का, ते लिहिलंय का कुणी?"

भाचीनं मोबाईल पालथा ठेवला. ती कचेरीतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती, आणि मावशीनं बोलावलं ते असलं काही ऐकवायला, हे तिला वाटलं नव्हतं.

मावशी नर्सिंगच्या शाळेत शिकवायची. तिचं खरं नाव पगारपत्रकापुरतं. पोरींनी तिला चाळणीबाई करून टाकलं होतं, आणि ते तिला ठाऊक होतं. झालं असं, की पुस्तक उघडायचं पोरींनी सोडलं. इंटरनेटवर फुकट बघून यायच्या आणि सकाळी वॉर्डात तेच करायला जायच्या. फुकट ते पौष्टिक! सुई टोचायचे पन्नास व्हिडिओ, त्यातले निम्मे काहीतरी विकणाऱ्यांचे; एकात तर टोचणाऱ्याचाच हात कापतोय आणि मागं गाणं वाजतंय. तेव्हा मोठ्या बाईंनी, म्हणजे शाळेच्या मुख्य बाईंनी, हे सगळं चाळून बरंवाईट ठरवायचं काम हिच्या गळ्यात मारलं.

तिची रीत ठरलेली होती. आधी आवाज बंद करून नुसते हात बघायचे. मग डोळे मिटून नुसतं ऐकायचं. मग कुणी केलाय, कधी केलाय, कशाच्या आधारावर सांगतोय, ते खणून काढायचं. बोलका चेहरा मध्ये आला की भलाभला माणूस भुलतो, म्हणून हातांची आणि तोंडाची अशी फारकत.

ताईचा व्हिडिओ समोर आला, तेव्हाही तिनं तेच केलं. ताई तिची थोरली बहीण. दुसऱ्या शाळेत शिकवायची. नाकातून पोटात नळी कशी घालावी, हे तिनं बऱ्याच वर्षांपूर्वी घरच्या टेबलावर मोबाईल टेकवून सांगितलं होतं. ताई जाऊन फार दिवस झाले नव्हते.

आवाज बंद केला. ताईचे हात. लहानपणी दारात चेंगरलेली करंगळी बाजूला काढलेली, नळी नाकाच्या शेंड्यापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून छातीच्या हाडाखाली मोजलेली. बोट ठेवायला जागा नाही. मग डोळे मिटले. "हळू गं राणी, घाई नको. आता पिचकारीनं हवा सोडा, पोटावर स्टेथोस्कोप ठेवा. गुडगुड ऐकू आली की नळी पोटात. बिनघोर दूध सोडा."

तिथंच घोडं पेंड खात होतं. नळी चुकून श्वासनळीत गेली तरी गुडगुड येते. त्यावर विसंबून दूध सोडलं, तर ते थेट फुप्फुसात. म्हणून ही रीत आता मोडीत काढलेली.

तिनं 'नापास' लिहिलं आणि डबा उघडला. चव लागली नाही. बरेच दिवस लागत नव्हती, त्यामुळं त्यात नवं काही नव्हतं.

"आपल्यापुरता बंद करा की," मोठ्या बाई म्हणाल्या होत्या. "जगाची उठाठेव कशाला?" पण ताईच्या चॅनेलची किल्ली भाचीकडं, म्हणजे ताईच्या लेकीकडं होती, आणि जग तिथंच बघत होतं; म्हणून तिला हे बोलावणं.

"खाली एक ओळ टाकते ना," भाची आता म्हणाली, "की ही पद्धत जुनी झाली."

"औषधाच्या बाटलीवरची ओळ वाचत नाहीत लोक. तुझी वाचतील?"

"माझ्याकडं दुसरं काही नाही गं. फोटोत आई बोलत नाही." भाचीचा आवाज चढला. "तू तर रडलीसुद्धा नाहीस. निदान तिला नापास करताना तरी काही वाटू दे!"

चाळणीबाईनं आत चाचपून बघितलं. मांडी घालून बसल्यावर पाय बधिर होतो, तसं होतं. पाय आहे हे दिसतं, पण चिमटा काढला तरी दुसऱ्याचाच वाटतो.

"नाही वाटत," ती म्हणाली. "ऊठ. चल माझ्याबरोबर."

सरावाच्या खोलीत पलंगावर रबरी पुतळा पडलेला असायचा. पोरी त्याला आबा म्हणायच्या. चाळणीबाईनं आबांच्या नाकात नळी सरकवली आणि भाचीच्या कानात स्टेथोस्कोप अडकवून त्याची चकती आबांच्या पोटावर ठेवली.

"तुझा मोबाईल लाव. आई सांगेल तसं ऐक."

ताई बोलू लागली. हळू गं राणी. चाळणीबाईनं पिचकारी दाबली.

"आली," भाची म्हणाली. "आली गुडगुड! बघ, आई बरोबर—"

चाळणीबाईनं आबांच्या छातीचं झाकण उचललं. नळी श्वासनळीत होती. फुप्फुसाची रबरी पिशवी पिचकारीच्या हवेनं फुगली होती.

"मुद्दाम घातलीस तू तिथं."

"हो. पण तुला ऐकून कळलं का?"

मोबाईलवर ताई दूध कसं सोडायचं, ते सांगत होती. भाचीनं तो थांबवला.

"आईला माहीत नव्हतं?"

"तेव्हा पुस्तकातच तसं होतं. आज ती असती तर तिनंच व्हिडिओ काढून टाकला असता आणि मला शिव्या घातल्या असत्या, आधी का नाही बोललीस म्हणून."

भाची नाक ओढत हसली, मग रडली. चाळणीबाईनं तिच्या हातात कापूस दिला. रुमाल शोधायचा कंटाळा आला होता. थोड्या वेळानं भाचीनं मोबाईलवर बोटं फिरवली. व्हिडिओ पुसला नाही. फक्त तिला एकटीला दिसेल असा केला.

"तुला पाठवू का एक कॉपी?"

"पाठव."

खिशात फोन थरथरला. तिनं काढून बघितला नाही. भाची जिना उतरून गेल्याचं ऐकू आलं, आणि पाठोपाठ दुपारच्या पोरींचा कालवा वर चढत आला.

"बाई, आज आबांना काय?" एकीनं दारातूनच विचारलं.

"आज नळी. आत काय घालायचं ते नंतर. आधी आतून थोडं ओढून काढायचं आणि कागदाच्या पट्टीवर आंबट आहे का बघायचं; आंबट म्हणजे पोटातलं. शंका आली तर एक्स-रे. मोबाईल पिशवीत टाका, आणि तुम्ही मागच्या दोघी, हात धुऊन या."

तिनं आबांच्या छातीचं झाकण बसवलं, नळी काढून पुसली आणि पहिल्या पोरीच्या हातात दिली.