नातीचा रेझ्युमे आणि घंटेवरचं फडकं

आमच्या थोरल्या नातीला घरात सगळे ‘रेडिओ’ म्हणतात. एकदा सुरू झाली की बंद होत नाही. हा गुण तिनं कुणाचा उचलला, हे आमच्या हिला विचारू नका. ती लगेच माझ्याकडे बोट दाखवते.

पाणीपुरवठ्याचे पंप आपोआप चालू-बंद करणारं सॉफ्टवेअर लिहिणं हे रेडिओचं काम. तिची कंपनी बंद पडली आणि पोरगी घरी बसली. अर्ज धाडायची, उत्तर कुठूनच यायचं नाही. अशात शहराच्या मोठ्या पंपघरात अगदी तिच्याच कामाची जागा निघाली. “आजोबा, ही हुकली तर मला हे कामच सोडावं लागेल,” म्हणाली आणि अकरा पानांचा रेझ्युमे घेऊन बसली.

तिची आत्या, म्हणजे माझी लेक, एका कारखान्यात माणसं निवडते. तिनं पानं हातात तोलली.

“अगं, नोकरी मागतेयस की आत्मचरित्र छापतेयस? शाळेतलं चित्रकलेचं बक्षीस कशाला?”

“राहिलं तर बिघडतं कुठं?”

“वाचणारा बिघडतो.”

रेडिओ फणकारली आणि सगळं एका पानावर आणलं. उरलं काय, तर ‘मेहनती’, ‘जबाबदार’ आणि फोन नंबर. आत्या म्हणाली, “हे तर आमच्या बाबांनाही लागू पडेल.” मेहनती म्हटल्याबद्दल मी लेकीचे आभार मानले.

मग मीच म्हटलं, ती अकरा पानं मला वाचून दाखव. त्यातलं मला ओ की ठो कळत नाही. पण गोष्ट कुठं रंगते आणि लोक कुठं उठून जातात, ते बरोबर कळतं. सॉफ्टवेअरांच्या नावांची माळ सुरू झाली तशी मला डुलकी लागली. एवढ्यात कानावर आलं, ‘एका पंपघरातले इशारे कमी केले.’

मी डोळे उघडले. “कमी का? इशारे तर हवेतच की!”

“अहो, घंटा सारखी वाजायची, कशालाही. कामगार इतके वैतागले की घंटेवर फडकं गुंडाळून मोकळे. मग टाकी खरंच भरून वाहिली, तेव्हा कुणाला ऐकूच आलं नाही.”

“मग?”

“मग मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले. कशाला उठावं लागतं, कशाला नाही, ते विचारलं. नको त्या वेळची घंटा बंद केली. फडकं त्यांनी आपणहून काढलं.”

आणि बोलता बोलता रेडिओ गप्प झाली. आमच्या घरात ही बातमीच!

“आजोबा, माझ्या अकरा पानांवरही वाचणारे फडकंच टाकत असतील.”

दुपारभर बसलो. मी डुलकी घेतली तो मजकूर गेला, “मग?” विचारलं तो राहिला. सॉफ्टवेअरांची नावंही राहिली, पण तिनं खरोखर वापरलेलीच, आणि कशासाठी वापरली ते सोबत. दोन पानं झाली. चित्रकलेचं बक्षीस गेल्याचं मला जरा लागलं. चित्र तिनं माझंच काढलं होतं.

मुलाखतीहून आली ती चपला न काढताच माझ्यासमोर उभी. “आजोबा, तिथल्या बाईंनी घंटेच्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘मग काय झालं?’”

“मग?”

“मग काय, सोमवारपासून रुजू!”

“आणि बोललीस किती?”

“मध्ये त्यांना चहा मागवावा लागला, एवढंच.”