पंख्यातल्या अक्षता

पडद्यावर आडव्या रेघा उमटायला लागल्या, म्हणून जुन्या कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड बदलायला घेतलं. दहा वर्षांत पहिल्यांदाच त्याचं झाकण उघडलं, तर आत देवघर! कार्डाच्या इवल्याशा पंख्यात झेंडूच्या वाळक्या पाकळ्या अडकलेल्या, पात्यांवर हळदकुंकवाचा थर, तळाशी अक्षता. दर दसऱ्याला बायको जे मनोभावे वाहायची, ते सगळं वरच्या जाळीतून आत उतरलं होतं. धुळीनं कार्ड जातं हे ऐकून होतो. आमचं भक्तीनं गेलं. आपण फार जपतो त्या माणसांचाही श्वास असाच कोंडत असेल का, असं उगाच मनात आलं.

नवं कार्ड बसवलं. बटण दाबणार, तोच बायको करंडा घेऊन हजर.

“थांबा हो, नवी वस्तू आहे!”

“अगं, जुनं त्यानंच गेलं!”

“आणि दहा वर्षं टिकलं ते कशानं?”

मी जाळीवर तळहात पसरला. तिनं माझ्याच हातावर हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या आणि डोळे मिटून नमस्कार केला. मी हात लगेच काढला नाही. इतक्या वर्षांत माझा नंबर पहिल्यांदाच लागला होता.