पोस्त मागणाऱ्या तीन पोरी

खरं सांगू का, मी या ग्रुपवर आले ती टाइमपासला. तुमचे घाटात लिफ्ट मागणाऱ्या बाईचे किस्से वाचायचे, हसायचं, मैत्रिणीला फॉरवर्ड करायचं... बस. भूतबीत शून्य विश्वास. आणि अजूनही नाहीये, कारण मी जे लिहितेय त्यात मेलेलं कोणी परत आलेलंच नाही. आलं असतं तर निदान मामीला बरं वाटलं असतं.

फास्ट टाइप करतेय, चुका झाल्या तर समजून घ्या.

मी डहाणू रोडला राहते, मामाचं घर आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. मामीची एकुलती एक मुलगी सानिका. पहिलीत होती. ताप आला, उतरेना... या दवाखान्यातून त्या दवाखान्यात, सगळीकडे एकच वाक्य – "पुढे न्या". पुढे नेता नेता गुजरात बॉर्डरवरचा अच्छाडचा नाका ओलांडला आणि गाडीतच गेली. मामीच्या मांडीवर. ड्रायव्हर बॉर्डर क्रॉस केल्यावर म्हणाला, "आता पोचलोच ताई." मामी हे वाक्य अजून त्याच्या आवाजात बोलून दाखवते.

तर मुद्दा कपड्यांचा आहे. मामी घरी शिवणकाम करते, सानिकाचे सगळे फ्रॉक तिनेच शिवलेले. ती गेल्यावर दीड वर्ष एक मोठी पिशवी भरून कपाटात. मामीला एकच हवं होतं – कुठल्या तरी पोरीने ते घालावेत. घालून खेळावं, मळवावेत, फाडावेत. बस एवढंच.

पण घेतंय कोण! आमच्याकडे तोंडावर कोणी नाही म्हणत नाही, पण गेलेल्या पोराचे कपडे आपल्या पोराच्या अंगावर कोण घालणार? कामवाली म्हणाली, "नको ताई, माझी आधीच आजारी असते." शेजारच्या काकूंनी पिशवी ठेवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी गेटला अडकवून गेल्या. अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या, "इथे सगळ्यांना माहितीये गं, आया ओरडतील मला." आणि आमची आजी, म्हणजे मामीची सासू, तिचं फायनल झालेलं होतं – "या होळीत टाकायचे. घरात ठेवून ठेवूनच कूस उजवत नाहीये."

मामा? मामा मोबाइलमध्ये बघत बसलेला.

होळीच्या आदल्या दिवशी मामी मला म्हणाली, "स्कूटी काढ. तलासरीला जाऊ." तिथे तिच्या भावाचं घर. भावाची मुलगी पाच वर्षांची. लास्ट चान्स होता तो.

वहिनीने चहा केला, पोहे केले, सगळं गोड गोड. मामीने पिशवी पुढे केली तर ती तशीच उभी.

"ताई, राग मानू नका... पण आमची पण एकच आहे हो."

"वैशू, माझी सानू काय विष होती का?" मामी म्हणाली.

"तसं नाही. पण तुम्ही आई आहात ना, तुम्हीच सांगा, तुम्ही घातले असते का?"

मामीने पिशवीचे बंद बांधले. मला माहितीये – तिनेही नसते घातले. पिशवी उचलली आणि निघालो. गंमत म्हणजे पाच वर्षांची ती भाची पूर्ण वेळ पिशवीत डोकावत होती आणि वहिनी तिला मागे ओढत होती.

चारोटीला थांबून वडापाव घेतला, मामीने खाल्ला नाही. मग डहाणूकडे वळलो. आशागडच्या अलीकडे रस्त्याचं काम चालू होतं, अर्धा रस्ता बंद, म्हणून मी आतल्या रस्त्याने घातली. एक पाडा लागतो तिथे. नाव मुद्दाम लिहीत नाहीये, माणसं राहतात तिथे, उगाच रील बनवायला जाऊ नका.

ऊन होतं. चारचा सुमार असेल, लख्ख उजेड – हे यासाठी सांगतेय की कमेंटमध्ये "अंधारात भास झाला असेल" लिहिणारे असतातच.

वळणावर रस्त्यात दोरी. तीन पोरी. जे आमच्या भागातले आहेत त्यांना माहितीये, होळी आली की पाड्यापाड्यावर पोरं रस्त्यात दोरी आडवी धरतात, गाडीपुढे नाचतात आणि पोस्त मागतात. पाच-दहा रुपये दिले की सोडतात. मला काहीच वेगळं वाटलं नाही. वाटायचं कारणच नव्हतं.

"पोस्त द्या, पोस्त! नायतं जाऊ नाय देत!"

"बाजूला हो गं, घाई आहे," मी हॉर्न दिला.

"घाई हाय तं लवकर दे!"

सॉलिड पोरगी. नाव रोशनी. असेल सात-आठची, पण अंगाने बारीक. कान नुकताच टोचलेला, त्यात कडुनिंबाची काडी. तिच्या दोन बहिणी – काजल आणि धाकटी पिंकी, तिला धड बोलता पण येत नव्हतं, ती नुसती दोरी चावत होती. तिघींच्या अंगावर जे होतं त्याला कपडे म्हणणं म्हणजे... जाऊ दे.

आणि मामी गाडीवरून उतरली.

तुम्हाला याचं काय ते कळणार नाही. सानिका गेल्यापासून मामी पोरांकडे बघायची नाही. शाळा सुटायच्या वेळी खिडकी लावून घ्यायची. ती बाई उतरली आणि सरळ रस्त्याच्या कडेला चिंचेखाली मातीत बसली. म्हणाली, "इकडे या गं."

मग पुढे किती वेळ गेला मला माहीत नाही. तिने पिंकीचं नाक पुसलं. पाण्याच्या बाटलीने तिघींचे पाय धुतले, तिचा रुमाल राखेसारखा काळाकरडा झाला. मी म्हटलं पण, "कुठे लोळून आलात गं?" तर काजल म्हणाली, "कामाव." मला वाटलं शेतात. रोशनीचे केस सोडवले, गुंता एवढा की रोशनी ओरडत होती, "हळू बाय, टक्कल करशील मना!" आणि मामी हसली. खरंच हसली, दात दिसले.

मग तिने पिशवी उघडली. पण त्याआधी स्पष्ट सांगितलं. मी म्हणत होते नको सांगूस, मिळतायत घेणाऱ्या तर दे आणि चल. पण नाही.

"हे माझ्या मुलीचे आहेत. ती वारली. चालतील का तुम्हाला?"

रोशनीने विचार केला. अगदी मोठ्या बाईसारखा, कमरेवर हात ठेवून.

"ती परत मागाया येल का?"

"नाही गं. ती येत नाही."

"मंग दे."

दीड वर्ष सगळं गाव जे करू शकलं नाही ते दोन शब्दांत झालं. रोशनीने जांभळा फ्रॉक घेतला, पोपटी पायपिंगवाला. त्याला सानिकाच्या हट्टाने मामीने आतून खिसा लावला होता, चिंचा लपवायला, आणि तो दुसऱ्याच कापडाचा – मामाच्या जुन्या चेक्सच्या शर्टाचा. रोशनीला खिसा सापडला तेव्हा तिने जी किंकाळी मारली ना! काजलला फुलाफुलांचा, पिंकीला झबलं. मापं अशी बसली की जणू मापून शिवलेत. पिंकी तर मामीच्या मांडीवरच झोपून गेली.

फोटो काढला का विचाराल. नाही काढला. चहाचा पण फोटो काढणारी मी, पण मला तेव्हा फोन आठवलाच नाही.

निघताना रोशनीने परत दोरी धरली.

"आता काय?"

"पोस्त."

"एवढे कपडे दिले ना!"

"कापडं तिनं दिली. तू काय दिलीस?"

दिले बाबा दहा रुपये. मामी पुढचा सगळा रस्ता मागून मला सांगत होती, धुळवड झाली की परत येऊ, लाडू करून आणू, मोठीला शाळेचं विचारू.

घरी आजीने रिकामे हात बघून विचारलं, "टाकले?" मामी म्हणाली, "दिले." आजी म्हणाली, "गेले ना घरातून, झालं." कोणाला, कुठे – काही विचारलं नाही.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी गेलो. बेसनाचे लाडू घेऊन. तीच चिंच, तेच वळण. पाड्यात एक म्हातारी शिंदीच्या पानांचे झाडू बांधत बसलेली. मामीने विचारलं, रोशनी कुठे राहते? तीन बहिणी?

"रोशनी? ती तं भट्टीवं हायत."

वीटभट्टीवर. दिवाळी झाली की इकडची निम्मी माणसं तिकडे भिवंडीच्या बाजूला जातात, पोरांना घेऊन. हे मला माहीत होतं. पण होळीला येतात ना!

"आल्या होत्या ना आजी, होळीच्या आदल्या दिवशी. इथेच होत्या, दोरी घेऊन."

"कुठं आल्या? या टायमाला शेठनं सोडलंच नाय त्यांना. पोरी रडल्या म्हनं होळीसाठी लय. तं घर बग ना त्यांचं."

घराला कुलूप. ओट्यावर वाळका पाला, त्यावर पाऊल सुद्धा नाही. मी हट्टाला पेटले – म्हटलं म्हातारीला काही कळत नाहीये. तिचा मुलगा आला, त्याने रोशनीच्या बापाला फोन लावला, स्पीकरवर. मी स्वतःच्या कानाने ऐकलंय.

"पोरी? इतंच हायत. कुठं जातील? विटा पलटतायत."

"होळीच्या आदल्या दिवशी?"

"इतंच. रोजच इतंच."

 मामीने लाडूचा डबा म्हातारीला देऊन टाकला आणि म्हणाली, "सात वर्षांची पोर विटा पलटते?" एवढंच. बाकी काही नाही विचारलं तिने.

घरी मात्र मी सांगून बसले, एक्साइटमेंटमध्ये. मामा म्हणाला, "पिशवी कुठेतरी फेकून आली असेल, आणि तू तिच्या नादाला लागलीस." मी म्हटलं मी पाहिल्यात, दहा रुपये दिलेत! तर आजी म्हणाली, "डॉक्टरला दाखवा दोघींना."

मे संपत आला, भट्ट्या बंद झाल्या, माणसं परतली. मामी म्हणाली, चल. गेलो. या वेळी घर उघडं. आणि दारात... ती. कानात काडी नव्हती आता, पितळेची बाळी होती. अंगावर जांभळा फ्रॉक. पार विटलेला, पायपिंग एका बाजूने उसवलेली. पण तोच. वाकली तेव्हा चेक्सचा खिसा मी बघितला. शपथ.

"रोशनी!" मामी जवळजवळ धावलीच.

पोरगी घाबरून आईच्या मागे गेली.

मी म्हटलं, "अगं ओळखलं नाहीस? होळीला, तिकडे चिंचेखाली? माझ्याकडून पोस्त घेतलीस, वर मलाच टोमणा मारलास!"

तिने मान हलवली. "आमी होळीला आलोच नाय."

खोटं नव्हती बोलत. लहान पोरांचं खोटं कळतं. तिने आम्हाला आयुष्यात पहिल्यांदा बघितलं होतं. काजलने पण. पिंकी तर मामीकडे बघून रडायलाच लागली. ज्या पोरी मामीने मांडीवर घेतल्या, त्या आता तिला परक्या बाईसारखं बघत होत्या. मामीचे हात असे पुढे केलेले... आणि मग तिने ते खाली घेतले.

आई म्हणाली, "माझ्या पोरी कशा वळखता तुमी?"

मामीच बोलली. "पाड्यात ऐकलं नाव. मी शिवणकाम करते, फ्रॉक चांगला वाटला म्हणून थांबले."

"ही कापडं ना? होळीच्या टायमाला आमी दोघं मातीत होतों. सांजचं झोपड्यात आलों, तं पोरी ही घालून झोपलेल्या, तिघीपन. कोनी दिली विचारलं तं सांगता येत नाय त्यांना. शेठच्या बायकोनं वाटली असतील." मग तिने रोशनीला पुढे ओढलं आणि फ्रॉक चिमटीत धरला. "पन माझं मन खात रातं. घातलेली कापडं हायत. कोना गेलेल्या पोरीची असली तं आजच चुलीत घालीन. तुमी शिवता, तुमाला कळत असंल. कोनाची हायत?"

मी मामीकडे बघितलं. त्या पोरींना रस्त्यात खरं सांगणारी हीच. मला वाटलं आता सांगणार आणि संपलं सगळं.

मामीने खिशाचं कापड बोटाने चाचपलं.

"दुकानातला आहे," ती म्हणाली. "असे ढिगाने येतात बाजारात. माझ्या मुलीला पण असाच शिवला होता."

"पोरगी हाय तुमाला?"

"आहे ना. तिसरीला जाईल आता."

"शाळा शिकते?"

"हो. फार बोलते, बाई वैतागतात."

बाई हसली. तिचा चेहरा एकदम मोकळा झाला, तिने फ्रॉक सोडून दिला. मामीने पर्समधून सुईदोरा काढला, पोरीला उभी करून उसवलेली पायपिंग तिथेच टाचून दिली. रोशनी पूर्ण वेळ आईचा पदर घट्ट धरून.

आता विचारा काय विचारायचं ते. जुळ्या बहिणी होत्या का – नाही. दुसऱ्या पोरी होत्या आणि कपडे पुढे गेले का – मग तीच नावं, तोच चेहरा, ताजा टोचलेला कान? रोशनीच्या आईने सांगितलं, कान भट्टीवरच टोचलेला, होळीच्या चार दिवस आधी. ज्यांना होळीला सोडलं नाही त्या पोरी डहाणूत माझ्या स्कूटीपुढे नाचल्या, आणि कपडे भिवंडीला पोचले. मी खूप डोकं लावलं.  तुमच्याकडे उत्तर असेल तर लिहा, फक्त भास म्हणू नका.

मामीला यातलं काहीच विचारायचं नाहीये. परत येताना मी गाडी चालवत रडत होते, ती नाही. आशागड आलं तेव्हा मागून एवढंच म्हणाली,

"बघितलंस? खरं सांगत होते तर कोणी दारात उभं करत नव्हतं. आज मी सानूला तिसरीत घातली, तर लगेच चालली सगळ्यांना."