फोटोपुरती आजी

माझ्या लेकाला, साईनाथला, वस्तू विकत घेणं माहीतच नाही. लहान पोरांचे बाहेर मोकळ्यावर फोटो काढतो आणि त्यांच्या हातात द्यायच्या वस्तू नेतो माझ्या स्वयंपाकघरातून. पिठाची चाळणी, पितळी तांब्या, कधी सूप. एकदा मी चहाचं गाळणं शोधून दमले, तर ते कुणाचं तरी पोर तोंडात धरून चावत बसलेलं.

पण ओरडणार कुठल्या तोंडाने? आम्ही राहतो त्या खोपटला त्याचा पासपोर्ट फोटोचा स्टुडिओ होता. मोबाइल आले, स्टुडिओ बंद पडला आणि हा माणूस वर्षभर भिंतीकडे बघत बसला. एक दिवस शेजारचं पोर माझी चाळणी तोंडासमोर धरून अंगणात खिदळत होतं. साईनाथने त्याचा फोटो काढला आणि त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. तेव्हापासून त्याचं एकच म्हणणं: पोराला एक साधी वस्तू द्या आणि मोठ्यांनी गप्प बसा.

पण आईबाप कसले गप्प बसतात! गेल्या महिन्यात बाळकुमच्या एका टॉवरमधून रुचिताचा फोन आला. तिची सान्वी वर्षाची होणार, म्हणून 'गावाकडची थीम'. बैलगाडीचं चाक भाड्याने, कंदील भाड्याने, पेंढा ऑनलाइन. यादीत सगळ्यात शेवटी लिहिलेलं, 'आजी, नऊवारीत.'

साईनाथ माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "मेल्या, चाळणी झाली, आता आईला पिशवीत घालतोस काय?" तरी गेले. साताऱ्याहून लग्न होऊन आले तेव्हापासून लुगडंच नेसते. त्याची कुणाला यादी करून गरज पडेल असं वाटलं नव्हतं.

टॉवरमागच्या मोकळ्या जागेत मला चाकाशेजारी बसवलं आणि सान्वीला मांडीत दिलं. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि जो भोंगा लावला, की वॉचमन बघायला आला. रुचिता मोबाइलमधून बघत सांगत होती, "आजी, थोडं मायेने बघा ना." माया काय नळाला येते?

बाजूच्या बाकावर पंजाबी ड्रेसातली एक बाई दुधाची बाटली धरून बसली होती. सान्वी रडत रडत तिच्याकडेच हात करत होती. बाई उठली की रुचिता म्हणायची, "मम्मी, फ्रेममध्ये येताय."

दुधासाठी थांबलो तेव्हा मी तिच्या शेजारी जाऊन बसले. ती सगुणा, रुचिताचा नवरा देवेश याची आई, म्हणजे सान्वीची सख्खी आजी. टॉवर उभा आहे तिथं यांचंच भाताचं शेत होतं. जन्मभर तिने लुगडं नेसलं. दोन वर्षांपूर्वी सुनेने सांगितलं, सोसायटीच्या लिफ्टमध्ये बरं दिसत नाही. मुलगाही काही बोलला नाही, म्हणून तिने सोडलं.

"मना पन फोटून बसाचा हाय, बाय," ती म्हणाली. "पोरगी मोठी झाल्याव फोटून तुला बगंल. इचारंल, कोन ही?"

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. म्हटलं, चल. क्लबहाउसच्या बाथरूममध्ये मी लुगडं सोडलं, तिने ड्रेस काढला. ड्रेस मला पोटऱ्यांपर्यंतच आला. तिने मात्र लुगडं तिच्या गावच्या पद्धतीने, गुडघ्यापर्यंत ओढून असं चापून नेसलं की मी बघतच राहिले.

आम्ही परत आलो तेव्हा रुचिता कंदील सरळ करत होती. सगुणा चाकाशेजारी न बसता थेट मातीत बसली आणि माझी चाळणी तोंडासमोर धरून सान्वीला "भ्वॉ" केलं. पोरगी खदखदून हसली. साईनाथ तर ठार वेडा झाल्यासारखा फोटो काढत सुटला.

रुचिताने कॅमेऱ्यात बघितलं; फोटोत चेहरा अर्धा चाळणीआड होता. "वॉव, किती ओरिजिनल वाटतेय. ही दुसरी आजी कुठून मागवलीत?"

साईनाथ म्हणाला, "इथल्याच आहेत. चौदाव्या मजल्यावर राहतात."

मागे उभ्या असलेल्या देवेशने कॅमेरा हातात घेतला आणि फोटो मोठा करून बघितला. मग म्हणाला, "रुचिता, आई आहे ती." रुचिताने बाकाकडे बघितलं. तिथे मी बसले होते, दुधाची बाटली घेऊन. मी हात हलवला. देवेश चपला काढून आईशेजारी मातीत जाऊन बसला आणि साईनाथला म्हणाला, "आता असा काढा."

मी खोपटपर्यंत त्या आखूड ड्रेसात रिक्षाने आले. आमच्या चाळीतली मंदाकिनी अजून त्यावरून हसते.

लुगड्यासाठी आठ दिवसांनी सगुणाला फोन केला. ती म्हणाली, "नाय देनार, बाय. मना रोज लिफ्टनं खाली जाचा हाय."

ठेव म्हटलं. साईनाथने नेलेली आणि परत न आलेली ही पहिलीच वस्तू, जिच्यावरून मी त्याला शिव्या दिल्या नाहीत.