हाव म्हणेपर्यंत

पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या नर्सला काय काय आलं पाहिजे, ते लातूरच्या आमच्या नर्सिंग कॉलेजात भिंतीवर इंग्रजीत लिहिलेलं होतं. आमच्या मॅडम तिकडं बघायच्याही नाहीत. "पोरींनो, आधी इचारा. पेशंट हाव म्हणेपर्यंत हात लावायचा न्हाई," एवढंच त्यांचं शिकवणं. बेशुद्ध पेशंटलाही त्या विचारायच्या आणि जरा थांबायच्या. आम्ही मागं हसायचो.

त्यांची आई आमच्याच वॉर्डात वारली. शेवटचं अंग पुसायला आम्ही पुढं झालो, तर त्यांनी आम्हाला बाजूला सारलं. कोमट पाण्यात फडकं पिळलं. "माय, कूस बदलू का?" म्हणाल्या आणि थांबल्या.

पाणी गार झालं, तरी मॅडमचा हात पुढं झाला नाही.