बाबांचा सात ते आठ

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी इथे घड्याळं तासभर पुढे करतात, पहाटे दोनाचे एकदम तीन वाजतात आणि सरकार आपला एक तास उचलून नेतं. एप्रिलमध्ये परत देतं म्हणे. मधल्या काळात त्याचं काय होतं, ते आमच्या क्वेकर्स हिल उपनगरात मला कुणी धड सांगितलेलं नाही. शेजारचे आजोबा म्हणतात, "युद्धात इंधन वाचवायला सुरू केलं होतं, मेट." युद्ध कधीच संपलं. क्वीन्सलँड तर हा प्रकार मानतच नाही. शेजारच्या राज्याचा ज्यावर भरवसा नाही, त्यावर मी का ठेवावा?

म्हणून मी यादी करते. ओव्हन, गाडी, हॉलमधलं घड्याळ आणि शेवटी, बाबांना कळवणे.

बाबा पुण्यात एकटे असतात. फेब्रुवारीत त्यांची अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी सपाटीवर चालायची परवानगी दिली. चढ आणि जिने बंद. मी रोज दुपारी साडेबाराला, माझ्या लंचच्या वेळी, व्हिडिओ कॉल करते आणि ते माझ्यासमोर गोळी घेतात. सुट्टीतही वेळ तीच. इथली घड्याळं पुढे असताना तेव्हा पुण्यात सात वाजतात, एरवी आठ.

यंदा ओव्हन झाला, गाडी झाली, बाबांना कळवायचं मात्र राहिलं. रविवारी साडेबाराला फोन लावला. बाबांनी खूप वेळाने उचलला. चेहरा घामेजलेला, मागे आभाळ आणि लोखंडी कठडा.

"आज इतक्या लवकर? सगळे ठीक ना?"

"आम्ही ठीक. तुम्ही कुठे आहात?"

"गच्चीवर."

आमच्या गच्चीला लोखंडी कठडा नाही. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "काका, खाली उतरून दुसरी फेरी मारायची ना?"

बाबांनी घाईघाईने फोन दुसरीकडे वळवला.

"पर्वती?" मी विचारलं.

"हळूहळू चढतो गं. बसत बसत."

"कधीपासून?"

"एप्रिल."

एप्रिल. म्हणजे फोन सातचा आठवर गेला तेव्हापासून. सरकारने परत दिलेला तास माझ्या वडिलांनी घेतला होता, आणि सहा महिने रोज आठ वाजता शहाण्यासारखे खुर्चीत बसून माझ्यासमोर गोळी घेत होते.

"गोळी?"

त्यांनी खिशातून काढून दाखवली. पाण्याची बाटलीही होती. माझ्यासारखीच तयारी.

"मंगळवारी डॉक्टरांकडे जायचं," मी म्हटलं. "पायऱ्यांचं तुम्ही स्वतः सांगायचं. मी फोनवर असेन. ते हो म्हणेपर्यंत चढ बंद."

"बरं." मग गोळी गिळून, "आता उद्यापासून तुझा फोन सातलाच ना?"

प्रश्न साधा होता. पण चढायला निघायचं तर सहाला उजाडतं का, याचा हिशेब त्यांच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसला.

"नाही," मी म्हटलं. "आता ठरलेली वेळ नाही."

फोन ठेवला आणि यादीतली शेवटची ओळ खोडली. बाबांना काहीही कळवायचं नाही.